दूध संकलनाची पाइपवाली टेक्स्ट फाइल पायथॉनमध्ये वाचतोय, बेरीज कमी येते आणि मराठी नावांना एरर – मदत हवी

दूधगंगाकाठ

नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या दूध संस्थेचं दहा दिवसांचं बिल सचिव काका आजवर वहीवर काढत आलेत. आता त्यांच्या डोळ्यांना झेपत नाही म्हणून मी पायथॉनमध्ये छोटा प्रोग्राम लिहायला घेतलाय. संकलनाचं मशीन सकाळ-संध्याकाळ एकेक टेक्स्ट फाइल देतं. ओळ अशी असते (इथं आकडे मराठीत टाइप केलेत, फाइलमध्ये इंग्रजीच आहेत, एम म्हणजे सकाळ, बी म्हणजे म्हैस):

०१४७|१२-०६-२०२५|एम|बी|४.२०|६.८|९.१|५४.५०|२२८.९०|

म्हणजे सभासद कोड, तारीख, वेळ, जनावर, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकी घन पदार्थ), दर, रक्कम आणि शेवटी शेरा. असे दहा रकाने. शेरा बहुतेक वेळा रिकामाच असतो, कधीकधी ऑपरेटर काहीतरी टाइप करतो.

दुसरी फाइल सभासद यादीची, ती एक्सेलमधून सीएसव्ही (रकान्यांमध्ये कॉमा असलेली टेक्स्ट फाइल) म्हणून काढलीय. त्यात कोड, नाव, पत्ता, बँक खाते नंबर, उचल.

अडचणी तीन आहेत. आधी मी दोन्हीकडे साधं स्प्लिट (ठरलेल्या चिन्हावर ओळ तोडणं) वापरलं तर मशीनची फाइल नीट वाचली पण यादीत पत्ता आणि उचल यांचे तुकडे पडायला लागले. मग कुठंतरी वाचलं की स्प्लिट वापरू नये, सीएसव्ही मॉड्यूल वापरावं, म्हणून दोन्हीकडे ते लावलं, मशीनच्या फाइलला डिलिमिटर (रकाने वेगळे करणारं चिन्ह) पाइप, म्हणजे |, दिला, तर आता मशीनच्या पावतीपेक्षा बेरीज कमी येते आणि एरर काहीच नाही. तिसरं म्हणजे यादी उघडताना चारमॅप कोडेक डीकोड करू शकत नाही असा एरर. गंमत म्हणजे चार नावांची छोटी फाइल करून बघितली (रमा, सविता, मालू, संजय) तर ती एरर न देता उघडते, पण नावांच्या जागी कचरा दिसतो. एकच प्रोग्राम, एकच कॉम्प्युटर, मग एका फाइलला एरर आणि एकीला नाही असं का?

लोकांचे पैसे आहेत, त्यामुळं अंदाजपंचे काही करायचं नाहीये.

शेंगा_चटणी

भावा मशीनच्या फाइलला स्प्लिट चाललं होतं ना, मग तेच ठेव की. यादीला सीएसव्ही मॉड्यूल. दोन्हीला एकच औषध कशाला?

डेटाताई

शेंगा_चटणी यांचं उत्तर बरोबरच आहे, पण कारण कळल्याशिवाय दूधगंगाकाठचं समाधान व्हायचं नाही आणि होऊही नये. आधी मराठी नावांचं बघू, कारण ते अगदी स्वच्छ समजावता येतं.

ओपन लिहिताना तू एन्कोडिंग (अक्षरं बाइटमध्ये कशी साठवलीत ती पद्धत) सांगितलेलं नाहीस, बरोबर? मग विंडोजवर पायथॉन सिस्टिमचं कोडपेज धरतो, आपल्याकडच्या इंग्रजी विंडोजवर ते सहसा सीपी-१२५२ असतं. (३.१५ पासून यूटीएफ-८ डीफॉल्ट करायचं ठरलंय, पण तू त्या भरवशावर राहू नकोस, एन्कोडिंग कायम स्वतः लिही.) तुझी फाइल आहे यूटीएफ-८. त्यात देवनागरीचं प्रत्येक अक्षर तीन बाइट घेतं, पहिला ई० (बाइट असे हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायात लिहितात), दुसरा ए४ किंवा ए५, तिसरा अक्षराप्रमाणे बदलणारा. सीपी-१२५२ मात्र एका बाइटला एक अक्षर असं वाचतं, म्हणून एका 'र' ची तीन चिन्हं होतात. तुला जो कचरा दिसतोय त्यात डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए पुन्हा पुन्हा दिसत असेल बघ, तोच हा ई०.

आता एरर का? सीपी-१२५२ च्या तक्त्यात पाच जागा रिकाम्या आहेत: ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी. यातला बाइट आला की पायथॉन हात वर करतो. आपल्या लिपीत यांतले बाइट कुणाकडे आहेत बघ. ऱ्हस्व उकाराच्या मात्रेचा तिसरा बाइट ८१. हलन्त, म्हणजे जोडाक्षर बनवणारं चिन्ह, त्याचा ८डी. ए चा ८एफ, ऐ चा ९०, झ चा ९डी. रमा, सविता, मालू, संजय यांत यांपैकी एकही नाही, म्हणून फाइल मुकाट उघडली. मारुती आला की उकारावर अडणार, प्रकाश आला की जोडाक्षरावर, एकनाथ आला की पहिल्याच अक्षरावर. खऱ्या यादीत जोडाक्षर नाही असं होणारच नाही, म्हणून तिथं एरर.

आणि एक सांगते, एरर आला ते बरं झालं. न आलेला एरर जास्त घातक, कारण कचरा नावं थेट बिलावर छापली गेली असती.

दूधगंगाकाठ

ताई, हे कुणी असं फोड करून सांगितलंच नव्हतं. मारुती आमच्या यादीत दुसऱ्याच ओळीला आहे!

एन्कोडिंग यूटीएफ-८ दिलं, नावं सुंदर दिसायला लागली. पण आता डिक्टरीडर (सीएसव्ही मॉड्यूलमधला, हेडरच्या नावानं रकाना देणारा) मधून 'कोड' हा रकाना मागितला की की-एरर, म्हणजे असं नावच नाही असा एरर, येतो. हेडर प्रिंट केलं तर 'कोड' समोर दिसतोय. स्पेसही नाही, स्ट्रिप करून बघितलं.

डेटाताई

बीओएम (बाइट ऑर्डर मार्क) आहे. एक्सेलमधून 'सीएसव्ही यूटीएफ-८' म्हणून सेव्ह केलं की फाइलच्या अगदी सुरुवातीला ईएफ, बीबी, बीएफ असे तीन बाइट बसतात. ते डोळ्याला दिसत नाहीत, स्ट्रिपने जात नाहीत, आणि पहिल्या रकान्याच्या नावाला चिकटतात. एन्कोडिंगमध्ये यूटीएफ-८ च्या पुढं हायफन देऊन 'सिग' लिही, ते बाइट असले तर काढून टाकेल, नसले तर काही बिघडत नाही. उलट तुला बिलाची सीएसव्ही सचिवांना द्यायची असेल तर लिहितानाही हेच एन्कोडिंग दे, नाहीतर डबल क्लिक करून उघडली की एक्सेलमध्ये नावांचा पुन्हा कचरा दिसेल.

यापुढं कुठलीही अनोळखी फाइल आली की सगळ्यात आधी ती बाइनरी मोडमध्ये उघड, पहिले दोनशे बाइट वाच आणि जसेच्या तसे प्रिंट कर. सुरुवातीला एफएफ एफई दिसलं तर ती यूटीएफ-१६ आहे, एक्सेलचं 'युनिकोड टेक्स्ट' असंच निघतं आणि त्यात कॉमा नाही तर टॅब असतो. सगळीकडे प्रश्नचिन्हं दिसली तर कुणीतरी साध्या सीएसव्हीत सेव्ह केलीय, ती नावं गेली, मूळ फाइलवरूनच परत काढायला लागेल. आणि नुसती इंग्रजी अक्षरं-चिन्हं दिसली, पण फॉन्ट बदलला की मराठी दिसतं, असं असेल तर तो श्रीलिपी किंवा शिवाजी फॉन्टातला जुना डेटा. तिथं कुठलंही एन्कोडिंग देऊन उपयोग नाही, कन्व्हर्टरमधूनच युनिकोड करून घ्यावा लागतो. जुन्या संस्थांच्या याद्यांत हे फार आढळतं.

हौशी_पंडित

एवढं कशाला, पांडास (पायथॉनची तक्ते हाताळायची लायब्ररी) घ्या. रीड-सीएसव्ही एक ओळ, बीओएम तोच काढतो, एन्कोडिंग यूटीएफ-८ च धरतो. सेपरेटर पाइप दिला की झालं.

डेटाताई

पांडास मी रोज वापरते, चांगलंच आहे, पण या कामाला तसंच्या तसं घेऊ नका. काही सांगितलं नाही तर ०१४७ चा १४७ होतो आणि मग यादीतल्या ०१४७ शी जुळत नाही. डी-टाइप (रकान्याचा प्रकार) स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, असा द्यावाच लागतो. ओळीत रकाने जास्त झाले तर तो एरर देतो हे छान, पण रकाने कमी पडले तर गुपचूप रिकाम्या जागा भरतो. आणि खराब ओळी 'स्किप' करायचा जो पर्याय आहे तो नेटवर सगळीकडे उपाय म्हणून सांगितला जातो. इथं स्किप केलेली ओळ म्हणजे कुणाच्यातरी गोठ्यातलं दूध आहे. ती बाई पहाटे धार काढून डेअरीवर घालून गेली, आणि आपण तिची ओळ वाचता आली नाही म्हणून सोडून देणार? मला हे अजिबात पटत नाही.

सीएसव्ही मॉड्यूलचा डिक्टरीडरही याबाबतीत बोलका नाही. जास्तीचे रकाने तो 'नन' (पायथॉनमधलं 'काहीच नाही') या किल्लीखाली ठेवतो, कमी पडले तर किमतीत 'नन' भरतो. दोन्हीकडे एरर नाही. म्हणून स्वतः मोजायचं.

दूधगंगाकाठ, बेरीज कमी येतेय त्या फाइलच्या शेरा रकान्यात काय काय आहे ते जरा इथं टाक.

दूधगंगाकाठ

शेरा बहुतेक रिकामा आहे. एका ठिकाणी ऑपरेटरने 'उशिरा' लिहिलंय आणि खालच्या दोघांना तेच म्हणून डिट्टो टाकलंय. असं:

०१५०|१२-०६-२०२५|एम|बी|३.००|६.५|९.०|५३.००|१५९.००|उशिरा
०१५१|१२-०६-२०२५|एम|बी|३.४०|६.६|९.०|५३.४०|१८१.५६|"
०१५२|१२-०६-२०२५|एम|बी|२.५०|६.२|९.०|५२.००|१३०.००|"

डेटाताई

सापडलं! आणि तुझी बेरीज या फाइलमध्ये बरोबर १३० रुपयांनी कमी येत असणार.

सीएसव्ही मॉड्यूलच्या लेखी रकान्याच्या सुरुवातीला आलेलं दुहेरी अवतरण म्हणजे 'इथून अवतरणातला मजकूर सुरू'. अवतरणाच्या आत पाइप आला, नवी ओळ आली, तरी तो मजकुराचाच भाग. मग ०१५१ च्या डिट्टोपाशी अवतरण उघडलं, पुढची अख्खी ०१५२ ची ओळ त्याच्या पोटात गेली, आणि ०१५२ च्या डिट्टोपाशी ते बंद झालं. त्यामुळं ०१५१ च्या शेऱ्यात ०१५२ चा सगळा हिशोब जाऊन बसला. रकाने मोजलेस तरी दहाच भरणार, म्हणून ती तपासणीही फसते. विषम संख्येत डिट्टो असतील तर आणखी वाईट, शेवटचं डिट्टो फाइलच्या टोकापर्यंत सगळं गिळतं आणि साध्या मोडमध्ये तेव्हाही तक्रार करत नाही. मोठ्या फाइलमध्ये कधी 'फील्ड लिमिट १३१०७२ पेक्षा मोठं' असा एरर आला तर लिमिट वाढवत बसू नका, आधी न मिटलेलं अवतरण शोधा.

मॉड्यूलची यात चूक नाही. अवतरणाचा नियम आरएफसी ४१८० (इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांपैकी एक) मध्ये, २००५ साली, लिहून ठेवलेला आहे आणि एक्सेल तसंच वागतं. तुझं मशीन तो नियम पाळत नाही, ते नुसते पाइप टाकत जातं. म्हणून त्या फाइलला कोटिंगचा पर्याय 'कोट-नन' दे, म्हणजे अवतरण हे एक साधं चिन्ह राहील. पांडासमध्येही हे असंच द्यावं लागतं, नाहीतर तिथंही १३० रुपये जातातच.

यादीला मात्र कोट-नन देऊ नको. तिथं पत्ता 'मु. पो. अमुक, ता. कागल' असा अवतरणात आहे आणि उचल "१२,५००" अशी कॉमासकट आहे, तिथं अवतरणाचा नियम हवाच. शिवाय ओपनला न्यूलाइन म्हणून रिकामी स्ट्रिंग दे. पत्त्यात कुणी ऑल्ट-एंटर मारून दोन ओळी केल्या असतील तर त्या ओळी जशाच्या तशा राहतात, आणि लिहिताना विंडोजवर मध्येमध्ये रिकाम्या ओळी पडतात त्याही थांबतात.

दूधगंगाकाठ

हो ताई, १३० च! आत्ता मशीनच्या पावतीशी लावून बघितलं. ०१५२ म्हणजे आमच्या वरच्या आळीतल्या आजी आहेत, एकच म्हैस आहे त्यांची. हे बिल तसंच गेलं असतं तर त्यांनी कधी विचारलंही नसतं.

स्टुटगार्टकर

डिलिमिटर आणि दशांश चिन्ह या दोन्हींबद्दल एक भर घालतो. इकडं जर्मनीत दशांशाला कॉमा वापरतात, साडेतीन म्हणजे ३,५ असं. त्यामुळं इथलं एक्सेल सीएसव्ही म्हणून जी फाइल काढतं तिच्यात रकान्यांमध्ये सेमिकोलन असतो. आमच्या टीममध्ये पुण्याहून आलेली फाइल इथं उघडली की सगळं एकाच रकान्यात, आणि इथली तिकडं गेली की तेच उलटं. नाव सीएसव्ही असलं तरी आत कॉमाच असेल असं धरून चालू नका. मॉड्यूलमध्ये स्निफर आहे तो अंदाज करतो, पण रोजच्या ठरलेल्या फाइलला अंदाज कशाला, डिलिमिटर लिहूनच टाकायचा.

ठाणेकर_अभ्यासू

सेमिकोलनवरून आठवलं. म्युच्युअल फंडांची संघटना, अँफी, रोजची एनएव्ही (एका युनिटची किंमत) एका टेक्स्ट फाइलमध्ये देते, तीही सेमिकोलनवाली. योजनेचा कोड, दोन आयएसआयएन (ओळख क्रमांक), योजनेचं नाव, एनएव्ही, तारीख. पण मध्येमध्ये फंड हाउसचं नाव आणि योजनेच्या प्रकाराचं शीर्षक अशा सेमिकोलन नसलेल्या ओळी येतात, रिकाम्या ओळीही असतात. तिथं 'सेमिकोलन नाही तर शीर्षक' असा नियम करून ते नाव पुढच्या योजनांना लावत जायचं, ओळ फेकून द्यायची नाही. आयएसआयएनच्या जागी नुसती डॅश असू शकते, एनएव्हीच्या जागी एन.ए. येऊ शकतं, त्यामुळं थेट फ्लोट (पायथॉनची दशांश संख्या) केलं की प्रोग्राम पडतो. ज्यांना सरावाला खरी फाइल हवी त्यांनी ही घ्या, लहान फाइलमध्ये जेवढ्या भानगडी असू शकतात तेवढ्या सगळ्या एका जागी आहेत.

निवृत्त_हिशेबनीस

मी बँकेच्या संगणक विभागात नोकरी केली, तेव्हा रकान्यांना डिलिमिटर नसायचा, ठरलेल्या लांबीचे रकाने असायचे. तेव्हापासून एक शिस्त लागली ती सांगतो. फाइल वाचणारा प्रोग्राम आणि बेरीज तपासणारा प्रोग्राम एकच असू नये. डेटाताईंनी जे दाखवलं त्यात वाचणाऱ्यानेच ओळ गिळली, मग तपासणीही त्याच्यावरच सोपवली तर पकडणार कोण?

दूधगंगाकाठ, तुमच्याकडं लिनक्स असेल किंवा विंडोजवर ऑक (टेक्स्ट फाइल ओळीओळीनं, रकान्यांत तोडून वाचणारं छोटं साधन) टाकून घेता आलं तर बघा. ऑक १९७७ पासून आहे, आहो, वाइनबर्गर आणि कर्निघन या तिघांच्या आडनावांवरून नाव पडलं. त्याला फील्ड सेपरेटर पाइप द्या, नववा रकाना जोडत जा, शेवटी बेरीज छापा, एका ओळीचं काम आहे. रकाने दहा नसलेली ओळ आली तर ओळीचा नंबर छापायलाही तिथंच सांगता येतं. अवतरणाचं त्याला काही देणंघेणं नाही, म्हणून मशीनच्या फाइलला ते अगदी योग्य. ओळींची संख्या, एकूण लिटर, एकूण रक्कम, या तिन्ही गोष्टी मशीनची पावती, ऑक आणि तुमचा प्रोग्राम यांत जुळल्याशिवाय बिल छापू नका.

दुसरं, रक्कम फ्लोटमध्ये जोडू नका. ०.१ आणि ०.२ ची बेरीज तिथं ०.३ च्या शेपटाला चार लागून येते. डेसिमल मॉड्यूल घ्या आणि फाइलमधली स्ट्रिंग सरळ त्याला द्या, मध्ये फ्लोट करू नका.

दूधगंगाकाठ

काका, डेसिमल लावलं. पैशापर्यंत जुळतंय आता.

एक शंका. एकाच सभासदाच्या एकाच सकाळी दोन ओळी दिसतात काही ठिकाणी. डुप्लिकेट म्हणून काढू का?

डेटाताई

थांब! चौथा रकाना बघ. गाय आणि म्हैस दोन्ही असतील तर दोन ओळी येणारच. आणि दोन्ही म्हशीच्या असल्या तरी कुणी दोन किटल्या वेगवेगळ्या मापून घेतल्या असतील. प्रोग्रामने काढायचं नाही, यादी करून सचिवांपुढं ठेवायची, ते सांगतील.

दूधगंगाकाठ

बरोबर, आहेत गाय-म्हैस अशाच. एक ओळ खरंच दोनदा मापलेली निघाली, सचिव काकांनी बघून सांगितलं.

खाते नंबरचं काय करू? काही नंबर ई-प्लस (घातांकाच्या रूपात) असे दिसतायत.

शेंगा_चटणी

ते एक्सेलमध्येच गेलं भावा. बारा किंवा त्याहून जास्त आकड्यांचा नंबर तो तसा दाखवतो आणि सीएसव्हीत जे दिसतं तेच लिहितो. सोळा आकडी असेल तर शेवटचा आकडा शून्य झालेला असतो, कारण पंधरा आकड्यांच्या पुढचं त्याला लक्षात राहत नाही. पायथॉनमध्ये काही करून परत येणार नाही, पासबुकावरून रकाना टेक्स्ट करून पुन्हा भरायला लागतील. माझ्या मते ज्यांचे नंबर असे झालेत त्यांची रक्कम बँकेत पाठवूच नका तोवर.

स्टुटगार्टकर

आणि दोन फाइली जोडताना कोडवरच जोडा, नावावर नको. 'गोऱ्हे' मधला तो र दोन प्रकारे टाइप होतो, एकात न दिसणारं जोडचिन्ह असतं, स्क्रीनवर अगदी सारखं दिसतं पण बाइट वेगळे, मग जुळणीच होत नाही.

दूधगंगाकाठ

कोडवरच जोडलंय. आज संध्याकाळची फाइल घेतली तर एका ओळीत अकरा रकाने निघाले, ऑपरेटरने शेऱ्यात दोन गोष्टी लिहिताना मध्ये पाइप टाकलाय. ओळ नाकारून वेगळ्या फाइलमध्ये नंबरासकट ठेवली, हे बरोबर ना? पण रोज असं व्हायला लागलं तर सचिव काकांना रोज हातानं दुरुस्त करत बसावं लागेल.

निवृत्त_हिशेबनीस

शेरा शेवटचा रकाना आहे हे तुमचं नशीब. स्प्लिटला दुसरा आकडा देता येतो, किती वेळा तोडायचं तो. नऊ द्या. पहिल्या नऊ पाइपांवर तुटेल, त्यापुढं कितीही पाइप आले तरी ते शेऱ्यातच राहतील. त्याआधी ओळीच्या शेवटची नवी ओळ आणि कॅरेज रिटर्न तेवढं काढून घ्या. आणि दहापेक्षा कमी तुकडे पडले तर मात्र ती ओळ नाकारलेल्यांच्या फाइलमध्येच जाऊ द्या, तिथं खरंच काहीतरी राहिलेलं असतं.

डेटाताई

काकांशी शंभर टक्के सहमत. मशीनच्या फाइलला नऊ वेळा तोडणारं स्प्लिट, यादीला सीएसव्ही मॉड्यूल. नाकारलेल्या ओळींची संख्या मात्र बिलाच्या पहिल्याच पानावर छाप, शून्य असली तरी.

दूधगंगाकाठ

बसवलं. अकरा रकान्यांची ती ओळ आपोआप आत आली, नाकारलेल्या शून्य, ऑकची बेरीज आणि पावती दोन्ही जुळली. खाते नंबर चुकलेल्यांची पासबुकं सचिव काका उद्या संकलनाच्या वेळी मागवून घेणार आहेत, तोवर त्यांचं बिल रोखीनं.